फ्री एजंटचा निर्णय दिवाळीआधी घ्या

एप्रिल उजाडला की सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळकडच्या एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत एकच विषय चालतो. अमक्याचा करार संपतोय, त्याला क्लबने काही करून धरून ठेवायला हवं. तळमळ खरी असते आणि खेळाडूंची नावंही बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकतो तो महिना. ज्या खेळाडूला बाजारात खरोखर मागणी आहे, त्याचं एप्रिलपर्यंत कुठेतरी ठरून गेलेलं असतं.

याचं कारण फिफाच्या खेळाडू-नोंदणी नियमांतल्या कलम १८ मध्ये आहे. करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबबरोबर पुढच्या हंगामाचा करार करायला मोकळा होतो. जुन्या क्लबची परवानगी लागत नाही. करार संपून असा सुटा झालेला खेळाडू म्हणजे फ्री एजंट. नव्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी जुन्याला लेखी कळवायचं, एवढंच बंधन. युरोपातले करार साधारण ३० जूनला संपतात, म्हणून तिकडे ही तारीख १ जानेवारी येते, आणि बातम्या वाचून आपल्याही डोक्यात जानेवारीच बसलेला असतो. आपल्याकडे आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, करार बहुतेक ३१ मेला, म्हणजे मिरगाच्या आठवडाभर आधी संपतात. तिथून सहा महिने मागे या: १ डिसेंबर. त्या दिवसापासून खेळाडू तुमच्याकडे खेळत असतो, पण त्याची सही दुसऱ्याच्या कागदावर असू शकते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कोणाला ठेवायचं हे दिवाळीपर्यंत ठरलं पाहिजे आणि प्रस्ताव लेखी स्वरूपात खेळाडूच्या हातात पडला पाहिजे. सप्टेंबरला सुरू होणाऱ्या हंगामात दिवाळीपर्यंत सहा-आठ सामने झालेले असतात. त्यात गेला पूर्ण हंगाम मिळवला की निर्णयाला पुरेसा माल हाताशी असतो. ‘अजून थोडं बघू’ म्हणत फेब्रुवारीपर्यंत थांबणाऱ्या क्लबला बघायला जास्त सामने मिळतात, पण तोवर ठरवायचा हक्क हातून गेलेला असतो.

फ्री एजंट हा प्रकारच मुळात १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मान निकालातून आजच्या रूपात आला. त्याआधी युरोपात करार संपला तरी जुना क्लब पैसे मागू शकत असे. युरोपीय न्यायालयाने ते बंद केलं आणि करार संपण्याची तारीख हीच बाजारातली सगळ्यात महत्त्वाची तारीख झाली. इतिहास एवढा पुरे. आपल्याला जवळचा आहे तो २०२० चा उन्हाळा.

२०१९-२० मध्ये एफसी गोवाने लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचा किताब, जिंकली. हंगाम संपायच्या आतच प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला क्लबने दूर केलं होतं. पुढच्या काही महिन्यांत लोबेरा मुंबई सिटीकडे गेला आणि त्याच्यामागून मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि आपला मंदार राव देसाई हे चौघेही तिकडेच गेले. चौघांची परिस्थिती सारखी नव्हती. बूमूसचा करार चालू होता, मंदारचा संपला होता. पण दिशा एकच होती. तीन हंगामांत ४८ गोल करणारा स्ट्रायकर कोरोही त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून गेला. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्ड आणि बाद फेरीनंतरचा चषक दोन्ही जिंकले. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा तो पहिला क्लब. गोवा चौथा आला आणि उपांत्य फेरीत त्याच मुंबईकडून पेनल्टींवर हरला.

लोकांच्या लक्षात राहिला तो कोरो. मला त्या वर्षीचं खरं नुकसान सेंटर-बॅक (मधला बचावपटू) फॉल आणि मिडफिल्डर जाहूचं वाटतं. कोरो तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याच्या जागी इगोर अंगुलो आला आणि त्याने पहिल्याच हंगामात १४ गोल करून गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, नेला. म्हणजे गोल करणारा मिळाला. मागून चेंडू बाहेर काढणारा सेंटर-बॅक आणि प्रत्येक चाल ज्याच्या पायातून जाते तो मिडफिल्डर, ही जोडी एकमेकांना ओळखते, प्रशिक्षकाची पद्धत ओळखते, आणि बाजारात सुटी सुटी मिळत नाही. मुंबईने नेमकी तीच उचलली.

आता याच्यासमोर २०२४ ठेवा. त्या उन्हाळ्यात दोन हंगाम गोव्याच्या आक्रमणाचा मुख्य आधार असलेला नोआ सदाऊई केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि २०१७ पासून गोव्यात असलेला ब्रँडन फर्नांडिस मुंबईकडे. दोन्ही नावं मोठी, दोन्ही लोकांची लाडकी. तरी २०२४-२५ मध्ये गोवा लीगमध्ये दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. काय वेगळं होतं? प्रशिक्षक मानोलो मार्केझ जागेवर होता. संदेश झिंगन, ओदेई ओनाइंदिया आणि कार्ल मॅकह्यू हा मधला कणा दोन्ही हंगाम तोच होता. पुढच्या फळीत आर्मांदो सादिकू आला, आणि ब्रँडन गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या मिनिटांत ब्रिसन फर्नांडिस उभा राहिला. त्या हंगामाचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

दोन उन्हाळ्यांतून मी एवढंच घेतो: कणा आणि प्रशिक्षक टिकला तर पुढची फळी बदलता येते. उलटं जमत नाही. म्हणून खेळाडूंच्या करारांआधी प्रशिक्षकाच्या कराराची तारीख बघा. ती त्याच मेमध्ये असेल तर आधी त्याचा विषय मिटवा. ज्याला स्वतःलाच जूनमध्ये आपण कुठे असू हे माहीत नाही, त्याच्या शब्दावर खेळाडू थांबत नाहीत.

कोणाला ठेवायचं हे ठरवताना पहिली पाहायची गोष्ट म्हणजे मिनिटं. २०२४-२५ मध्ये तेरा संघ होते, प्रत्येकाला २४ सामने, म्हणजे २,१६० मिनिटं. खेळाडू त्यातली किती खेळला? हिशोबासाठी धरू की एकाला वर्षाला १ कोटी ४० लाख द्यायचे आहेत. तो १,९०० मिनिटं खेळला तर मिनिटाला सुमारे ७,३७० रुपये पडले. १,१०० खेळला तर तोच माणूस मिनिटाला सुमारे १२,७३० रुपयांना पडला. प्रतिभा तीच, किंमत पावणेदोन पट. आणि मिनिटं कमी का झाली हेही विचारायचं. निलंबनामुळे बाहेर बसला असेल तर ते सुधारतं. हॅमस्ट्रिंगमुळे, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे, बसला असेल तर सावध व्हा, कारण एकदा हॅमस्ट्रिंग गेलेल्याची पुन्हा जाण्याची शक्यता इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते, आणि एफसी गोवाच्या फातोर्डा मैदानाच्या दमट हवेत शेवटची वीस मिनिटं तशीही पायांवर येतात. गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध, गेलं असेल तर परतायला साधारण नऊ महिने लागतात. अशा खेळाडूशी बोलताना निर्णय डॉक्टरांच्या अहवालावर घ्या, त्याच्या इन्स्टाग्रामवरच्या व्यायामाच्या व्हिडिओवर नको.

दुसरी गोष्ट गोल. नुसता आकडा घेऊ नका. पेनल्टी वेगळ्या काढा, कारण साधारण चारातली तीन पेनल्टी आत जाते आणि ती कोणीही चांगला मारू शकतो. उरलेल्या गोलांसमोर एक्सजी ठेवा, म्हणजे मिळालेल्या संधींमधून सरासरी खेळाडूने किती गोल केले असते तो आकडा. समजा एकाचे १२ गोल आहेत, त्यातल्या ४ पेनल्टी, आणि उरलेल्या ८ गोलांमागचा एक्सजी ५ आहे. तर पुढच्या हंगामात मैदानी खेळातून पाचच्या आसपास गोलांची तयारी ठेवा आणि पगार त्याच हिशोबाने बोला. आठ गोलांवर एक्सजीही आठ असेल तर तो खेळाडू संधीच्या जागी नेमका पोहोचतो आहे, ती गोष्ट पुढच्या वर्षीही टिकण्यासारखी आहे. हापूसच्या बागेचा सौदा करणारा जाणता व्यापारी गेल्या वर्षी किती पेट्या निघाल्या यावर भाव ठरवत नाही. भरभरून धरलेलं कलम पुढच्या वर्षी विसावा घेतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो यंदाची पालवी आणि मोहोर बघतो. क्लबांनी नेमकं हेच करायचं असतं, आणि नेमकं हेच होत नाही.

आर्सेनलचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ऑबामेयांगने २०१९-२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये २२ गोल केले, एफए कप जिंकून दिला. सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी त्याला तीन वर्षांचा मोठा करार मिळाला. त्या हंगामात त्याचे लीगमधले गोल १० झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परस्परसंमतीने करार तोडून तो बार्सिलोनाला गेला, आर्सेनलला एक पैसा न मिळता. त्या वेळी ‘कप्तानाला ठेवलंच पाहिजे’ म्हणणारे सगळे जण मनापासून बोलत होते.

लिव्हरपूलने २०२५ मध्ये तीन मोठे करार एकाच वेळी अंगावर घेतले, म्हणून ते प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. सलाह ३२ वर्षांचा, व्हॅन डाइक ३३ चा, अलेक्झांडर-आर्नल्ड २६ चा. तिघांचेही करार जून २०२५ ला संपत होते. एप्रिलमध्ये पहिल्या दोघांनी दोन-दोन वर्षांसाठी सही केली. तिसरा, लहानपणापासून त्याच क्लबमध्ये वाढलेला, रियाल माद्रिदला गेला. क्लब वर्ल्ड कपसाठी काही आठवडे लवकर सोडण्याबद्दल जी रक्कम मिळाली, ती त्याच्या खऱ्या किमतीपुढे किरकोळ होती. सलाहने ज्या हंगामात सही केली त्यात लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट होते. पुढच्या हंगामात ते वारं राहिलं नाही, आणि डिसेंबर २०२५ पर्यंत त्याला बाकावर बसवण्याची वेळ आली. दोनच वर्षांचा करार केला होता हे शहाणपणाचं ठरलं. माझ्या मते त्यांची मूळ चूक दोन वर्षं आधीची होती. २६ वर्षांच्या खेळाडूचा करार शेवटच्या वर्षात जाऊच द्यायला नको होता.

तिसरी गोष्ट वय, पण वय नेहमी जागेसकट बघायचं. विंगर आणि वेगावर खेळणारा स्ट्रायकर साधारण २४ ते २८ मध्ये भरात असतो. तिशीनंतर पहिली दोन पावलं मंदावली की त्याचा निम्मा खेळ जातो. सेंटर-बॅक आणि मागे राहून खेळवणारा मिडफिल्डर ३२-३३ पर्यंत सहज टिकतात, गोलकीपर त्याहून पुढे. एसी मिलानचं धोरण होतं की तिशी ओलांडलेल्याला एकच वर्षाचा करार द्यायचा. २०११ मध्ये त्यांनी ते ३२ वर्षांच्या पिर्लोलाही लावलं. युव्हेंटसने त्याला तीन वर्षं दिली आणि फुकट मिळालेल्या त्या खेळाडूबरोबर सलग चार लीग जिंकल्या. धोरण असायला हरकत नाही, पण स्ट्रायकरचं माप मिडफिल्डरला लावलं की असं होतं. रियालने मॉड्रिचच्या बाबतीत ते नीट हाताळलं: २०२१ पासून चार वेळा एकेका वर्षाने करार वाढवला, पगाराचं बोलणं दर वर्षी नव्याने. आणि सुनील छेत्रीने २०२४-२५ मध्ये, चाळिशीत, आयएसएलमध्ये १४ गोल केले. तोही वेगावर कधी अवलंबून नव्हता, हवेतला चेंडू आणि जागा ओळखणं यावर होता. तेव्हा वयाचा आकडा वाचण्याआधी खेळाडू कशावर जगतो ते पाहा. क्लबकडे जीपीएस जॅकेटची आकडेवारी असते. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा सामन्यांतल्या स्प्रिंट शेजारी ठेवल्या की उत्तर तिथेच दिसतं.

मग येतो जागेचा हिशोब. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून जास्तीत जास्त सहा परदेशी खेळाडू नोंदवता येतात, मैदानात एका वेळी चार. म्हणजे परदेशी माणूस हा पगाराबरोबर एक जागाही अडवतो. सहांपैकी एक जायबंदी राहिला तर तुम्ही पाच जणांत चार खेळवताय. म्हणून परदेशी खेळाडूचा करार एक अधिक एक, म्हणजे एक वर्ष पक्कं आणि दुसरं अटीवर, असा ठेवावा आणि दुसरं वर्ष मिनिटांवर बांधावं. एकतिशीच्या पुढच्या परदेशी स्ट्रायकरला सरळ तीन वर्षं कधीच देऊ नयेत. जगात स्ट्रायकर पुष्कळ आहेत, दर उन्हाळ्यात स्पेनच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतून नवे येतात.

भारतीय खेळाडूंचं गणित उलटं आहे. चांगला भारतीय विंगर किंवा फुल-बॅक शोधला तर मिळतो. चांगला भारतीय सेंटर-बॅक, दबावाखाली चेंडू घेऊन वळणारा भारतीय मिडफिल्डर, खात्रीचा गोलकीपर हे देशात मोजकेच आहेत आणि तेच चार-पाच क्लब एकमेकांकडून पळवत असतात. अशा खेळाडूची किंमत त्याच्या गुणांइतकीच त्याच्या दुर्मिळपणाची असते, आणि ती द्यावी लागते. इथे हात आखडता घेणारा क्लब पुढे जास्त खर्च करतो. आकडे घ्या, हिशोबापुरते. मिडफिल्डर वर्षाला १ कोटी ४० लाख मागतोय, तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख. पर्याय म्हणून दुसऱ्या क्लबचा तरुण घ्यायचा तर ट्रान्सफर फी ९० लाख, पगार वर्षाला ७० लाख, म्हणजे तीन वर्षांचे ३ कोटी. वाचले १ कोटी २० लाख. पण नवा मुलगा रुळायला सहा-आठ सामने जातात, आणि २४ सामन्यांच्या लीगमध्ये ते म्हणजे हंगामाचा चौथा ते तिसरा हिस्सा. शिवाय तो जमला नाही तर जानेवारीत पुन्हा बाजार. विंगरच्या जागेसाठी मी हे १ कोटी २० लाख वाचवेन. मधल्या मिडफिल्डरसाठी नाही.

सगळ्यांवर पगाराची कमाल मर्यादा बसलेली असते. आयएसएलमध्ये ती बरेच हंगाम साडेसोळा कोटी होती. आकडा बदलतो, पण मर्यादा असेपर्यंत प्रत्येक जादा लाख दुसऱ्या कोणाच्या तरी पगारातून जातो. एका ताऱ्याला वीस टक्के वाढ दिली की तीन महिन्यांत ड्रेसिंग रूममधले आणखी चौघे तेच मागतात. वाढ द्यायची तर निश्चित पगारात कमी आणि खेळलेल्या सामन्यांवर, शील्डवर, आशियाई पात्रतेवर जास्त ठेवा. जिंकलं तर सगळ्यांनाच पैसे आनंदाने देता येतात.

आपल्या भागातल्या खेळाडूंबद्दल वेगळं बोलायला हवं. मंदार, ब्रँडन, ब्रिसन यांच्यासाठी गोव्यातून आणि इकडे सिंधुदुर्गातून माणसं सामन्याला येतात, पोरं त्यांची जर्सी घालून मैदानावर जातात, अकादमीत येणाऱ्या मुलाच्या आईबापांना विश्वास वाटतो की इथून वर जाता येतं. हे भावनेपुरतं नाही, क्लबच्या तिकिटांत आणि पुढच्या पिढीत ते दिसतं. म्हणून घरच्या खेळाडूला बाजारभावापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त द्यायला मी तयार आहे. वर्षं मात्र जास्त देऊ नयेत. तिशीतल्या घरच्या खेळाडूला मान म्हणून चार वर्षांचा करार दिला, तर शेवटच्या दोन वर्षांत तोच खेळाडू बाकावर बसतो आणि स्टेडियममधून त्याच्याच नावाने ओरड होते. त्यात कोणाचाच मान राहत नाही.

आता कागद. अडचणी बहुतेक इथेच होतात.

फिफाच्या नियमाने व्यावसायिक करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्या मुलाचा तीन वर्षांचा. करार वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होण्यावर किंवा व्हिसावर अवलंबून ठेवता येत नाही. तशी अट घातली तरी ती टिकत नाही. म्हणून तपासणी सहीच्या आधी करायची, आणि आपलाच जुना खेळाडू असला तरी करायची. ‘तो आपल्याकडेच आहे, काय तपासायचं’ म्हणून एमआरआय टाळणं हा सगळ्यात महाग निष्काळजीपणा आहे.

एक अधिक एक करारात दुसरं वर्ष कोणाच्या मर्जीवर, हे स्पष्ट लिहा. फक्त क्लबच्या मर्जीवर ठेवलं आणि पगारवाढ नसली, तर तंट्यात असा पर्याय टिकेलच असं नाही. मिनिटांवर ठेवलं तर त्यात एक धोका आहे. अट ‘१५ सामन्यांत सुरुवात’ अशी असेल तर चौदाव्या सामन्यानंतर खेळाडू अचानक बाकावर दिसू लागतो, सगळ्यांना कारण समजतं, आणि संघाचं वातावरण बिघडतं. त्यापेक्षा अट टप्प्यांची ठेवा: १,००० मिनिटांना पगारात अमुक वाढ, १,४०० ला आणखी, आणि पुढचं वर्ष १,२०० मिनिटं किंवा संघाचा पहिल्या चारांत क्रमांक, यातलं जे आधी होईल त्यावर. एका सामन्यावर सगळं लटकत नाही.

पगार वेळेवर द्या. फिफाच्या कलम १४ बिसप्रमाणे दोन महिन्यांचे पगार थकले आणि खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली, तर त्यानंतर तो करार तोडू शकतो. म्हणजे तीन वर्षांचा करार करूनही क्लब स्वतःच्या हाताने खेळाडूला फ्री एजंट बनवू शकतो. ११ जुलै २०२५ रोजी तेव्हा लीग चालवणाऱ्या एफएसडीएल या कंपनीने हंगाम थांबवत असल्याचं क्लबांना कळवलं, कारण भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा त्यांचा हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी कामकाजच. त्या काळात लांबलचक करार केलेले क्लब अडकले आणि खेळाडूही. तेव्हापासून प्रत्येक करारात लीग थांबली तर किती टक्के पगार, किती महिने, आणि त्यानंतर कोणाला बाहेर पडता येईल, हे दोघांच्या सहीने आधीच लिहिलेलं असावं. नंतर एकतर्फी कपात केली की प्रकरण तंट्यात जातं.

जाऊ द्यायचं ठरवलं तर वारसदार आधी हवा. २०२१ मध्ये गोलकीपर डोनारुमा करार न वाढवता मिलान सोडून पीएसजीला गेला. लोक संतापले होते. पण क्लबने एक आकडा ठरवला होता, तो ओलांडला नाही, आणि डोनारुमा जातोय हे जाहीर झालं त्याच आठवड्यात लील क्लबचा गोलकीपर मेन्यां करारबद्ध झाला होता. पुढच्याच हंगामात मिलानने अकरा वर्षांनी लीग जिंकली. डोर्टमुंडने याच्या उलट अनुभव घेतला. २०१३ मध्ये स्ट्रायकर लेवांडोव्स्कीला विकायला नकार देऊन त्यांनी त्याला शेवटचं वर्ष खेळवलं. ते वर्ष चांगलंही गेलं, त्याने २० गोल करून लीगचा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, संघ दुसरा आला. २०१४ मध्ये तो फुकट बायर्नला गेला, वारसदार म्हणून आणलेला इमोबिले त्या पद्धतीत बसला नाही, आणि डोर्टमुंड सातव्या क्रमांकावर घसरलं. शेवटचं वर्ष खेळवणं चूक नव्हती. त्या वर्षात नवा माणूस तयार करायला हवा होता.

मग १ डिसेंबर उलटला आणि सही झाली नाही तर? खेळाडूला शिक्षा म्हणून बाहेर बसवू नका. पगार द्यावाच लागतो, मिनिटं वाया जातात, आणि पुढच्या वर्षी ज्याच्याशी बोलायचं आहे तो दुसरा खेळाडू हे बघत असतो. जानेवारीच्या खिडकीत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या मुदतीत, विकायचं असेल तर हे लक्षात ठेवा की घेणाऱ्यालाही ठाऊक आहे, तो १ जूनला फुकट मिळणार आहे. तो फक्त उरलेल्या चार-पाच महिन्यांचे पैसे देईल. जी रक्कम येईल त्यात वाचलेला पगार मिळवा आणि त्या पैशात त्याच जानेवारीत त्या जागेचा माणूस मिळतो का ते बघा. मिळत असेल तर विका. मिळत नसेल आणि संघ पहिल्या चारांत असेल, तर ठेवा, शेवटच्या दिवसापर्यंत खेळवा, आणि फेब्रुवारीपासून प्रत्येक सामन्यात साठाव्या-पासष्टाव्या मिनिटाला त्याच्या जागी राखीव संघातला मुलगा उतरवा. आठ-दहा सामन्यांत त्या मुलाची दोनशे ते तीनशे मिनिटं होतात. जूनमध्ये बाजारात उतरण्याआधी त्या जागेसाठी खरंच कोणी विकत घ्यायचं आहे का, हे तेवढ्यात कळतं.